रिसीव्हर कुणी उचललाच नव्हता

साखर पेठेतल्या मावशीच्या घरी फोन तीन ठिकाणी आहेत: खाली मागाच्या कारखान्यात, मधल्या खोलीत आणि वर माडीवर. माग सुरू असले की शेजारी उभ्या माणसाची हाकही ऐकू येत नाही, म्हणून काकांनी फार पूर्वी लाइनमनकडून घरभर वायर फिरवून घेतली होती. जुनी लाइन बंद केल्यावर केबलवाल्यानं इंटरनेटबरोबर फोनही दिला, पण त्याचा डबा माडीवर आणि त्याला फोनचं सॉकेट एकच. "मग खाली कारखान्यात काय आरोळ्या मारू का रे?" मावशी म्हणाली.

आरोळ्यांची गरज नव्हती. घरातले तिन्ही फोन एकाच दोन तारांवर पॅरललमध्ये असतात, म्हणजे प्रत्येक फोन त्याच दोन तारांना जोडलेला. त्यामुळे डब्यातून आलेली वायर माडीवरच्या सॉकेटात खुपसली की बाकीच्या दोन फोनांनाही लाइन मिळते. तारांना कोण चालवतंय याच्याशी देणंघेणं नसतं. पूर्वी टेलिफोन कंपनीचं एक्स्चेंज चालवत होतं, आता हा डबा.

एक्स्चेंज काय करायचं? तारांवर कायम 48 व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, दाब ठेवायचं. हा आकडा आला बॅटऱ्यांवरून: दोन व्होल्टचे 24 शिशाचे सेल एकापुढे एक. त्यातलं धन टोक जमिनीला जोडलेलं, म्हणजे ओलाव्यात तांब्याच्या तारा झिजत नाहीत. रिसीव्हर ठेवलेला असतो तेव्हा या तारांतून जवळजवळ काहीच वाहत नाही. उचलला की आतला स्विच जुळतो, वीसेक मिलिअँपिअर वाहू लागतात आणि एक्स्चेंजला कळतं, कुणीतरी बोलणार आहे. बेल वाजवताना मात्र त्याच तारांवर 75 ते 90 व्होल्टचा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा दाब, सोडतात, सेकंदाला 20-25 हेलकाव्यांचा. फोनमधला कंडेन्सर डीसी अडवतो आणि एसी सोडतो, म्हणून बेल वाजते पण फोन उचलल्यासारखा दिसत नाही.

केबलवाल्याचा डबा हीच नक्कल करतो. शिवाय आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेऊन, प्रत्येक नमुन्याचा आठ बिटांचा आकडा करून, छोट्या गठ्ठ्यांत पुढे पाठवतो. केबल तांब्याची असो की काचेची, फोनला त्याचा पत्ताही नसतो.

मी वायर खुपसली आणि तिन्ही फोन मुके! डायल टोन नाही, मोबाइलवरून लावून पाहिलं तर एंगेज. "वाजंनाच की रे," मावशी जिन्यातून ओरडली. तिन्ही रिसीव्हर जागेवर होते, तरी डब्याला वाटत होतं कुणीतरी उचललाय.

दोष निघाला दाराजवळच्या रोझेटमध्ये, म्हणजे फोनच्या तारा जोडायच्या भिंतीवरच्या डबीत. बाहेरच्या डीपीकडे, म्हणजे फोन लाइनच्या वाटप पेटीकडे, जाणारी जुन्या तारांची जोडी अजून स्क्रूखाली आवळलेलीच होती. बाहेर कुठंतरी तिच्यात पाणी शिरलं होतं आणि एका तारेतून दुसरीत करंट गळत होता. डब्याच्या लेखी गळती आणि उचललेला रिसीव्हर एकच. डब्याची वायर उपसून, मल्टिमीटरनं तारा मेल्यात याची खात्री करून मी ती जोडी सोडवली, दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळली आणि वायर पुन्हा लावली. टोन आला.

खरं तर ही जोडी सोडवणं हे पहिलं काम, मी ते शेवटी केलं. आणि नशीब, तारा मेलेल्या होत्या. बंद केलेल्या लाइनवरही कधी कधी एक्स्चेंजची बॅटरी तशीच चालू असते. एकाच जोडीवर दोन एक्स्चेंज म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, डबा जळू शकतो.

काकांचा गोल चकतीचा फोन मात्र अर्धाच जुळला. बेल खणखणीत, बोलणंही होतं, पण नंबर फिरवला की काही होत नाही. चकती प्रवाह तोडून आकडा सांगते, शून्यासाठी दहा वेळा. आणि या डब्याला फक्त बटणांचे सूर कळतात.

आणखी एक फरक लाइट गेल्यावर कळला. पूर्वी लाइट गेली की माग थांबायचे, पण फोन वाजायचा, कारण वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायची. आता डबा बंद तर तिन्ही फोन बंद. त्याचा अडाप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावून दिला, वर चिठ्ठी चिकटवली: काढू नये. तिसऱ्याच दिवशी तिथं कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला होता.