पेंढ्यातली साखर सोडवणारी बुरशी

'बुरशीपासून इंधन' अशा मथळ्याची बातमी अधूनमधून झळकते आणि बुरशीतून जणू तेलच पाझरते असा समज पसरतो. प्रत्यक्षात त्या इंधनातील ऊर्जा वनस्पतीने सूर्यप्रकाशातून साठवलेली असते. बुरशी ती फक्त मोकळी करून देते, आणि ते काम अवघड आहे.

ज्वारीच्या दाण्यातील स्टार्च आणि तिच्या कडब्यातील सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात. तरीही भाकरी आपल्याला पचते आणि कडबा पचत नाही, कारण सेल्युलोजमधील ग्लुकोज वेगळ्या प्रकारे, म्हणजे बीटा-जोडणीने, जोडलेले असते आणि ती तोडणारे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) आपल्याकडे नाही. शिवाय या जोडणीमुळे ग्लुकोजच्या साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना खेटून बसतात आणि हायड्रोजन बंधांनी स्फटिकासारख्या घट्ट जखडल्या जातात.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी लष्कराचे सुती, म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचे, तंबू कुजू लागले. त्या कापडावर सापडलेल्या बुरशीला पुढे तिचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एल्विन रीस यांच्यावरून 'ट्रायकोडर्मा रीसी' हे नाव मिळाले. मर रोगापासून बचावासाठी आपले शेतकरी हरभऱ्याच्या बियाण्याला जे ट्रायकोडर्मा चोळतात, त्याच प्रजातीतील ही दुसरी जाती.

तिने पेशीबाहेर सोडलेल्या विकरांपैकी 'सेल-७-ए' हे खरोखर पाहण्यासारखे आहे. त्याच्या रेणूत सुमारे ५ नॅनोमीटर लांबीचा बोगदा असतो. स्फटिकातून उचकटलेल्या साखळीचे एक टोक त्यात शिरते, दोन ग्लुकोजचा तुकडा, म्हणजे सेलोबायोज, कापला जातो, विकर साधारण १ नॅनोमीटर पुढे सरकते आणि साखळी न सोडता पुन्हा कापते. दुसरे विकर, एंडोग्लुकनेज, साखळीला मध्येच छेद देऊन नवी टोके तयार करते. तिसरे, बीटा-ग्लुकोसिडेज, सेलोबायोजचे दोन ग्लुकोज करते. हे तिसरे कमी पडले, तर साचलेले सेलोबायोज पहिल्याच्या बोगद्यात अडकून सगळे काम मंदावते. रीसीमध्ये नेमके तेच कमी असते, म्हणून ते बऱ्याचदा अ‍ॅस्परजिलस बुरशीकडून घेऊन मिसळावे लागते.

मोकळ्या झालेल्या ग्लुकोजचे इथेनॉल करणारे यीस्ट हीसुद्धा बुरशीच. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपत येथे इंडियन ऑइलचा असा प्रकल्प सुरू झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे असून, वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल मिळवण्याचे उद्दिष्ट आहे. याउलट, १९९६ साली तमिळनाडूत पाण्यात वनौषधी उकळून पेट्रोल बनवल्याचा दावा गाजला होता आणि पुढे त्या प्रकरणात फसवणुकीबद्दल शिक्षाही झाली. पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन, हे शाळेतले रसायनशास्त्र तेव्हा कोणी आठवले असते तर बरे झाले असते.

पानिपतसारख्या प्रकल्पांची अडचण मात्र खर्चाची आहे. सेल्युलोजभोवतीचे लिग्निन या चिवट पदार्थाचे कवच सैल करण्यासाठी पेंढा आधी वाफेने व आम्लाने शिजवावा लागतो, विकरे महाग पडतात, आणि पेंढ्यातील झायलोज ही पाच कार्बनची साखर साध्या यीस्टला आंबवताच येत नाही. तिच्यासाठी जनुके बदललेले यीस्ट वापरावे लागते.