झरमॅटमध्ये मोटार का जात नाही: एका आल्प्स-गावाच्या वाहतुकीची पार्श्वभूमी

स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात, सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेल्या झरमॅटला जाणाऱ्या पर्यटकाला स्वतःची मोटार टॅश या अलीकडच्या गावातच ठेवावी लागते. उरलेले पाच किलोमीटर रेल्वेने जायचे, गावात पायी किंवा विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीतून फिरायचे आणि डोंगरावर चढायला दातेरी रुळांची रेल्वे किंवा रज्जुमार्ग घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. प्रदूषणाची चिंता वाढल्यावर ती अलीकडे आखली गेली असावी, असा अनेकांचा समज होतो. तो अपुरा आहे. या दरीत रेल्वे मोटारीच्या कितीतरी आधी पोहोचली होती, आणि गावाची घडी त्या रेल्वेभोवतीच बसत गेली.

रेल्वे येण्यापूर्वी झरमॅट गाठणे कष्टाचे होते. १८७८ मध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील लोहमार्ग दरीच्या तोंडाशी असलेल्या व्हिस्प गावापर्यंत आला. तिथून पुढे सेंट निक्लाउसपर्यंत खेचरांची वाट होती आणि त्यानंतरच घोडागाडी चालेल असा रस्ता लागत असे. तरीही पाहुणे येत होते. १४ जुलै १८६५ रोजी इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्पर आणि त्याच्या साथीदारांनी गावाजवळचा ४,४७८ मीटर उंचीचा मॅटरहॉर्न डोंगर प्रथमच सर केला. उतरताना सात जणांपैकी चौघांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेची चर्चा युरोपभर झाली आणि गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. आलेल्या पाहुण्यांची सोय करायला अलेक्झांडर झायलर या हॉटेलचालकाने आधीच सुरुवात केली होती. हॉटेले होती, पाहुणे होते, अडचण होती ती फक्त वाटेची.

ती अडचण व्हिस्प–झरमॅट रेल्वेने दूर केली. १८८८ मध्ये काम सुरू झाले, १८९० मध्ये गाडी सेंट निक्लाउसला पोहोचली आणि १८ जुलै १८९१ रोजी झरमॅटला. सुमारे ३५ किलोमीटरचा हा मीटरगेज मार्ग साडेनऊशे मीटर चढतो. काही ठिकाणी चढ इतका तीव्र आहे की साधी चाके तिथे घसरतील, म्हणून फक्त त्या टप्प्यांवर दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. रोमान आब्ट या स्विस अभियंत्याच्या या पद्धतीत दोन पट्ट्या शेजारी-शेजारी असतात आणि एकीचे दात दुसरीच्या खाचांसमोर येतात. त्यामुळे इंजिनाचे दातेरी चाक कोणत्याही क्षणी निदान एका दातात घट्ट अडकलेले राहते. उटीला जाणाऱ्या निलगिरी रेल्वेतही हीच पद्धत आहे आणि तिथली वाफेची जुनी इंजिनेही झरमॅट मार्गाच्या पहिल्या इंजिनांप्रमाणे स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात तयार झाली होती. मेट्टुपालयम ते कुन्नूर प्रवास केलेल्या वाचकांनी रुळांमधल्या त्या पट्ट्या पाहिल्या असतील.

गावाच्याही वर जाणारी गॉर्नरग्राट रेल्वे २० ऑगस्ट १८९८ रोजी सुरू झाली. स्वित्झर्लंडमधील विजेवर चालणारी ही पहिली दातेरी रेल्वे. वीज त्रिकला (थ्री-फेज, म्हणजे तीन तारा लागणाऱ्या) पद्धतीची असल्याने डोक्यावर एकाऐवजी दोन तारा आहेत आणि तिसऱ्या तारेचे काम रूळ करतो. ही रचना आजही तशीच वापरात आहे. ३,०८९ मीटरपर्यंत पोहोचलेला पाहुणा हिमनद्यांच्या समोर उभा राहतो, आणि माझ्या मते झरमॅटला आलेल्याने एकच जादा तिकीट काढायचे असेल तर ते याच गाडीचे काढावे.

सुरुवातीला या दोन्ही रेल्वे फक्त उन्हाळ्यात चालत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस स्कीइंगसाठी हिवाळी पाहुणे येऊ लागले, तेव्हा हिमकड्यांपासून रुळांचे रक्षण करण्याची कामे हाती घ्यावी लागली. १९२९ मध्ये खालच्या मार्गावर वीज आली आणि १९३० मध्ये व्हिस्प ते ब्रिग हा दुवा जोडला जाताच झरमॅट ते पूर्व स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ अशी ग्लेशियर एक्सप्रेस धावू लागली. मोटारींचा सुळसुळाट होण्याआधीच गाव वर्षभराच्या रेल्वेने बाहेरच्या जगाशी जोडले गेले होते, आणि पुढच्या निर्णयाचे बळ यातच आहे.

पुढे मोटाररस्ता टॅशपर्यंत आला. तिथून झरमॅटला जाणारा अरुंद रस्ता आहे, परंतु त्यावर परवान्याशिवाय जाता येत नाही. तो सर्वांना खुला करावा का, हा विषय मतदानापर्यंत गेला; गाव मात्र मोटारबंदीवर ठाम राहिले. यात हवेच्या शुद्धतेइतकाच जागेचाही प्रश्न होता, कारण अशा चिंचोळ्या दरीत वाहनतळ करायचा तर घरांची किंवा कुरणांची जमीन द्यावी लागली असती. तो भार टॅशने उचलला. तिथल्या टर्मिनलमध्ये सुमारे २,००० मोटारी उभ्या राहतात आणि शटल गाडी बारा मिनिटांत वर पोहोचवते. गावातील टॅक्सी, बस, हॉटेलांची सामानाची वाहने विजेवर चालतात. सूट असते ती आपत्कालीन सेवांसारख्या मोजक्या वाहनांना. ही चौकोनी, अरुंद वाहने गावातल्याच कार्यशाळांमध्ये बनतात, कारण तिथल्या गल्ल्यांना मानवेल अशी गाडी बाहेर तयार मिळणे कठीण.

एकाच दरीवर अवलंबून राहण्याची किंमतही आहे. एप्रिल आणि मे १९९१ मध्ये रांडा गावाजवळ सुमारे तीन कोटी घनमीटर खडक कोसळला, रेल्वे व रस्ता दोन्ही गाडले गेले, नदी तुंबली आणि लोहमार्ग नव्या जागेवरून न्यावा लागला. जानेवारी २०१८ मध्ये हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रेल्वे व रस्ता बंद पडून सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकले आणि काहींना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. हिवाळ्यात जाणाऱ्याने परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा, हे मी आग्रहाने सांगेन.

दक्षिणेकडे, इटलीच्या बाजूला, थिओडुल खिंडीची प्राचीन वाट आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथला रज्जुमार्गांचा शेवटचा दुवा पूर्ण झाला आणि स्की न येणाऱ्या पाहुण्यालाही ३,८८३ मीटर उंचीच्या क्लाइन मॅटरहॉर्न शिखरावरून इटलीतील चेर्व्हिनिया गावाला उतरता येऊ लागले. तिकीट महाग आहे आणि वारा वाढला की पाळणे थांबवले जातात, म्हणून त्या बाजूने जायचे असेल तर सकाळी निघण्यापूर्वी मार्ग सुरू असल्याची खात्री करून घ्यावी.