नांदूर मध्यमेश्वरचे पाणभुंगेरे

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमापाशी जो बंधारा आहे, त्याच्यामागे साठलेल्या पाण्यात, गाळात आणि पाणकणसाच्या बेटांत राहणारे भुंगेरे. बंधाऱ्याचं काम 1907 च्या सुमारास सुरू झालं असं सहसा धरतात, अभयारण्य 1986 चं, आणि जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्याचं जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. पक्ष्यांवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून ते इथे नाही.

पाणभुंगेरे हे एक कुळ नाही, वेगवेगळ्या वेळी पाण्यात उतरलेल्या बऱ्याच कुळांना मिळून आपण हे नाव देतो. दख्खनच्या अशा साचलेल्या पाण्यात मुख्यतः चार कुळं बघायची: डायटिस्किडी, नोटेरिडी, हायड्रोफिलिडी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर गिरक्या घेणारी गायरिनिडी. यातली हायड्रोफिलिडी भुंगेऱ्यांच्या पॉलिफॅगा या मोठ्या गटातली, बाकीची तीन ॲडेफॅगा या दुसऱ्या गटातली, म्हणजे ही दोन घराणी पाण्यात स्वतंत्रपणेच आली यावर कुणाचा वाद नाही. वाद आहे तो ॲडेफॅगाच्या आत, त्यांचे पूर्वज एकदाच पाण्यात शिरले की एकाहून जास्त वेळा. शरीररचनेवरची आणि डीएनएवरची कामं एकमेकांशी सगळीकडे जुळत नाहीत, पण गायरिनिडीची फांदी फार लवकर वेगळी झाली हे मत आता जास्त धरलं जातं आणि तेच पटतं. त्यांचे डोळे दोन भागांत विभागलेले असतात, वरचा भाग हवेत बघतो आणि खालचा पाण्यात, ही रचना बाकीच्यांत नाही.

नावांचा गुंता याहून मोठा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या वझिरानींनी 1969 च्या आसपास भारतातल्या डायटिस्किडीचा जो आढावा घेतला त्यात नोटेरिडी हे उपकुळ म्हणून येतं, आज ते स्वतंत्र कुळ मानतात, त्यामुळे जुन्या यादीतला डायटिस्किडीचा आकडा तसाच उचलून नव्या यादीशी ताडून बघितला तर हिशोब चुकतो. डायटिस्किडीतल्या एरेटेस या वंशाचंही तेच. भारतातल्या जुन्या नोंदीत एरेटेस स्टिक्टिकस लिहिलेलं असतं, 2002 च्या पुनरावलोकनानंतर त्यातल्या बऱ्याचशा नोंदी एरेटेस ग्रिसियस या जातीकडे गेल्या, तेव्हा नमुना परत बघितल्याशिवाय जुनं नाव पुढे नेऊ नये.

ओळखायला सोपं असं की डायटिस्किडी मागचे पाय एकदम मारतात आणि हवा घ्यायला शेपटीकडून वर येतात, ती हवा पंखांच्या ढालीखाली साठवतात. हायड्रोफिलिडी पाय आळीपाळीने हलवतात, डोक्याकडून वर येतात, हवेचा चंदेरी थर पोटाला चिकटलेला दिसतो. त्यांच्या तोंडाजवळचे लांब पाल्प (चाचपणारे अवयव) मिश्या समजून नवखे हमखास फसतात, खऱ्या मिश्या आखूड असतात. डायटिस्किडीच्या अळ्यांचे जबडे पोकळ, त्यातून पाचकरस सोडून भक्ष्य शोषून घेतात, डासांच्या अळ्याही खातात.

बऱ्याचशा जाती कोष काठच्या ओल्या मातीत करतात, म्हणजे यांना नुसतं पाणी पुरत नाही, काठही लागतो. इथलं पाणी कालव्यांना सोडलं की पातळी खाली-वर होते, प्रौढ भुंगेरे उडून दुसरं पाणी गाठतात पण अळ्या आणि कोष जागीच राहतात. म्हणून उथळ, झाडोऱ्याच्या कडा राखणं फार महत्त्वाचं. रात्री दिव्यावर येणारे काळे मोठे भुंगेरे पुष्कळदा हेच असतात, त्यांना मारू नका, परत पाण्यात सोडा.