वॅट आणि युनिट: होस्टेलच्या खोलीतला हिशेब

डिसेंबरातली सकाळ, एक खोली, दोन बादल्या, पाणी तापवायचे दोन रॉड. एक हजार वॅटचा, दुसरा दीड हजाराचा. हजारवाला दीड हजारवाल्याला सुनावतोय, "तुझा रॉड वीज किती खातो बघ! जरा पर्यावरणाचा विचार कर." आमच्या मजल्यावर हा वाद दर थंडीत व्हायचा, आणि मीही पहिल्या वर्षी हजारवाल्याच्याच बाजूने तावातावाने बोललो होतो. दोघांची बादली तेवढीच, पाणी तेवढंच कडकडीत. मग खर्च झालेली वीजसुद्धा जवळजवळ तेवढीच असणार, हे आम्हा सायन्सवाल्यांच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बारावीला दोन्ही व्याख्या पाठ होत्या, तरीही.

घोळ होतो तो वॅट आणि युनिट या दोन शब्दांचा. "हा पंखा तासाला ७५ वॅट खातो" असं आपण सहज बोलतो, आणि तिथेच चुकतो. वॅटमध्ये 'इतक्या वेळाला' हे आधीच आलेलं आहे. वॅट म्हणजे वीज वापरण्याचा वेग. एका सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक वॅट. युनिट म्हणजे त्या वेगाने जाऊन शेवटी कापलेलं अंतर. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट, ज्याला पुस्तकात किलोवॅट-तास म्हणतात. जुनी माणसं "मीटर पळतं" म्हणायची, तो शब्द फार नेमका होता. काचेमागची चकती किती जोरात फिरतेय ते वॅट, आणि वरचे आकडे किती पुढे सरकले ते युनिट. बिल येतं ते आकड्यांवर. कोळसाही जळतो तो आकड्यांसाठी. आपल्या देशातल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आता बादलीकडे येऊ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ वॅट-तास लागतात (वॅट-तास म्हणजे युनिटचा हजारावा भाग). बादली वीस लिटरची, पाणी वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायचं, तर गुणाकार येतो ४६५ वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटला थोडं कमी. हजार वॅटचा रॉड यासाठी अठ्ठावीस मिनिटं घेईल, दीड हजाराचा एकोणीस मिनिटं. युनिट तितकंच. उलट हळू तापणाऱ्या बादलीतली थोडी उष्णता तेवढ्या वेळात बाहेर निसटते, म्हणजे काटेकोर बोलायचं तर दीड हजारवालाच किंचित काटकसरी ठरतो. इथे वीज वाचवायची असेल तर रॉडवरचा आकडा बघून काही होत नाही. बादली पाऊण भरायची, किंवा पाणी सोसेल इतकंच तापवायचं.

पंख्याचं तसं नाही. पाणी तापलं की रॉडचं काम संपतं, पंख्याचं काम कधी संपतच नाही. तो चालू आहे तोवर फिरतो, खोलीत माणूस असो वा नसो. म्हणून तिथे वॅटला पूर्ण वजन आहे. साधा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे नवे पंखे तीस-पस्तीस. रोज चोवीस तास फिरवला तर जुना महिन्याला ५४ युनिट, नवा फार तर पंचवीसेक. वस्तूवरचा वॅटचा आकडा वाचताना मी आता आधी एवढंच विचारतो, की हिचं काम आपोआप संपतं का? केटलचं संपतं. लिटरभर पाणी उकळायला दीड हजार वॅटच्या केटलला साडेतीन मिनिटं लागतात, खर्च युनिटच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. ट्यूबचं संपत नाही. लॅबमध्ये रात्रभर चालू ठेवलेल्या संगणकाचंही नाही. एसी मधला आहे. खोली गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंदावतो, पण खिडकी उघडी असेल तर ते काम कधीच पुरं होत नाही.

जाता जाता रेग्युलेटरबद्दल. भिंतीवर जुना, मोठ्या डब्यासारखा, हात लावला तर गरम लागणारा रेग्युलेटर असेल तर पंखा दोनवर आणून फारसं काही वाचत नाही, पंख्याने सोडलेली वीज बरीचशी तिथे उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर खरंच वाचते.

हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की अपराधीपणा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. मोबाइलचा चार्जर बोर्डात तसाच राहिला म्हणून एकमेकांना टोकणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि तीच मुलं पंखा चालू ठेवून लेक्चरला गेलेलीही पाहिली आहेत. फोन न जोडलेला आजचा चार्जर एका वॅटचाही छोटासा अंश घेतो. वर्षभर तसाच राहिला तर एक-दोन युनिट. शुक्रवारी संध्याकाळी गावी जाताना चालू राहिलेला पंखा रविवारी रात्रीपर्यंत साडेतीन-चार युनिट घेऊन बसतो. पाच हजार एमएएचचा फोन पूर्ण चार्ज करायला, तूट धरूनही, पंचवीसेक वॅट-तास लागतात. म्हणजे बंद खोलीत आठ तास फिरलेल्या एका पंख्याच्या विजेत चोवीस फोन चार्ज झाले असते. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं ती वरची मर्यादा आहे. नुसतं टायपिंग चाललं असेल आणि बॅटरी भरलेली असेल तर तो त्याच्या निम्मेही घेत नाही.

मार्चच्या शेवटच्या सुमाराला कॅम्पसवर पर्यावरणासाठीचा अर्थ अवर पाळला जातो. शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ दिवे बंद, मेणबत्त्या, गिटार, फोटो. मला त्या संध्याकाळी आवडायच्या, त्यामुळे हिशेब मांडताना जरा वाईट वाटतं. तीनशे खोल्या, खोलीत वीस वॅटची एक एलईडी ट्यूब, म्हणजे सहा किलोवॅट. एक तास बंद, वाचले सहा युनिट. आंघोळीच्या तेरा बादल्या. त्याच होस्टेलात पन्नास खोल्यांचे पंखे दिवसा आठ-आठ तास विनाकारण फिरत असतील तर तीस युनिट जातात, आणि तेही रोज. सगळं होस्टेल अंधारात बुडालं की बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरतं, कारण डोळ्यांना वॅट दिसतात. युनिट दिसायला बिल हातात यावं लागतं, आणि होस्टेलच्या मुलाला लाईट बिल कधीच दिसत नाही. ते वर्षाच्या फीमध्ये विरघळून गेलेलं असतं.

मग होस्टेलात रॉडवर बंदी का? रेक्टरने धाड घालून रॉड, कॉइल, इंडक्शन जप्त केलं की मुलं म्हणतात, बिल वाचवायला निघालेत. बिलाचा भाग असेलही, पण मुख्य कारण वॅटचं आहे. खोलीतला साधा छोटा प्लग सहा अँपिअरचा. २३० व्होल्टने गुणलं तर १३८० वॅट. त्यावर दीड हजाराचा रॉड लावला की वायर आणि सॉकेट तापायला लागतं, आणि एकाच लाइनवर चार खोल्यांनी लावला तर एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. एमसीबी पडला तर नशीब. जुन्या वायरिंगमध्ये तो नीट बसवलेला नसेल तर आग लागू शकते. वायरला युनिट कळत नाहीत. त्या क्षणी अंगावरून किती प्रवाह जातोय एवढंच तिला कळतं. त्याच प्लगवर पंखा वर्षभर फिरवून शेकडो युनिट उडवा, वायर कोमटसुद्धा होणार नाही.

मोठ्या कॅम्पसच्या बिलातही हे दोघं वेगवेगळे बसलेले दिसतात. हाय टेन्शन जोडणी असली की एक आकार एकूण वापराचा आणि दुसरा कमाल मागणीचा, म्हणजे महिन्यात गाठलेल्या सर्वांत उंच वेगाचा. सकाळी सात वाजता सगळे गिझर एकदम लागले की हा दुसरा आकडा वर चढतो, मग बाकीचा दिवस कितीही शांत जावो. अर्ध्या मजल्यांनी सहाला आणि अर्ध्यांनी आठला आंघोळ केली तर युनिट तेवढेच राहतात, पण ते शिखर खाली येतं. कोणत्या मजल्याने सहाला उठायचं हा प्रश्न मात्र कुठल्याही विद्यार्थी समितीला सुटलेला मी पाहिला नाही.

महाराष्ट्राच्या नकाशावरही हीच जोडी आहे. कोयना प्रकल्पाची क्षमता सुमारे १९६० मेगावॅट, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची २९२०. आकडे बघून वाटतं, कोयना चंद्रपूरच्या दोन तृतीयांश वीज देत असेल. पण कोयनेला वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) एवढंच पाणी ठरवून दिलेलं आहे. बारा महिने पूर्ण वेगाने चालली असती तर कोयनेने १,७०० कोटींहून जास्त युनिट दिले असते, प्रत्यक्षात त्याच्या पाव भागाच्या आतच मिळतात. म्हणून ती मागणीच्या ऐन वेळी जोरात चालते आणि नंतर थांबते. काहीशी केटलसारखी. चंद्रपूर कोळशावर रात्रंदिवस चालू राहणारा पंखा आहे.

कॉलेजच्या गच्चीवर "१०० किलोवॅटचा सोलर" अशी पाटी लागली की तिथेही हाच प्रश्न विचारायचा, दिवसाला युनिट किती? आपल्याकडच्या उन्हात एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चारेक युनिट पडतात, म्हणजे चारशे. तीनशे मुलांनी बादलीभर गरम पाणी रॉडवर तापवलं तर त्यातले एकशे चाळीस आंघोळीतच गेले. त्यापेक्षा पाणी थेट सोलर हीटरवर तापवलेलं बरं. फक्त त्याच्या लांबलचक पाइपातलं रात्रीचं गार पाणी आधी येतं, आणि ते सोडून देत उभं राहण्याची सवय सगळ्यांनाच असते. ते दुसऱ्या बादलीत धरलं तर कपडे भिजवायला होतं.

खोलीला स्वतंत्र मीटर नसल्यामुळे हे होस्टेलात बघता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की बघा. नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल तर घरातलं सगळं, फ्रिजसुद्धा, पाच मिनिटं बंद करायला सांगा आणि फक्त हॉलमधला पंखा लावा. मिनिटाला चार वेळा लुकलुकेल. मग बाथरूममधला दोन हजार वॅटचा गिझर लावा, आणि मोजायचा प्रयत्न करा.