ओके

ओके हा अमेरिकन इंग्रजीतला शब्द. होकार, परवानगी, 'कळलं', 'चालेल', 'ठीकठाक' अशी सगळी कामं एकटाच करतो, पण जन्म चक्क एका फालतू जोकमधून झालाय. 1830 च्या दशकात बॉस्टनच्या पेपरवाल्यांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची शॉर्टफॉर्म छापायचं खूळ लागलं होतं, त्यात 'ऑल करेक्ट' मधलं ऑल 'ओ' ने आणि करेक्ट 'के' ने लिहून ओ.के. तयार झालं, आणि 23 मार्च 1839 ला ते बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये छापून आलं. तसली बाकीची शॉर्टफॉर्म कधीच विसरली गेली. हे तगलं कारण 1840 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली आणि उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरेन किंडरहूक गावचे, म्हणून 'ओल्ड किंडरहूक', म्हणजे परत ओके, मग काय, समर्थकांनी ओके क्लबच काढले. ब्यूरेन पडले तरी शब्द राहिला, पुढे तारवाल्यांनी उचलला. हा छडा ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने 1960 च्या दशकात लावला, तरी चोक्टॉ (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची भाषा) किंवा ग्रीक भाषेतून आल्याच्या थिअऱ्या अजून फिरतातच.

खरा अर्थ मात्र टोनमध्ये असतो. पिक्चर 'ओके होता' म्हणजे बरा होता, डोकं उठलं नाही एवढंच. व्हॉट्सॲपवर नुसतं 'के' आलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. अंगठा आणि तर्जनीचा गोल ही त्याची खूण, स्कूबा डायव्हिंगमध्ये 'मी ठीक आहे' सांगायला हीच वापरतात (तिथे अंगठा वर केला तर 'वर चला' असा अर्थ होतो), पण ब्राझीलमध्ये तीच खूण शिवी ठरते, तेव्हा जपून.

आपल्याकडे ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' सगळ्यांना पाठ. लोक उगाच हॉर्न वाजवत सुटतात म्हणून महाराष्ट्रात 2015 मध्ये त्यावर बंदी आली, मधला ओके कुठून घुसला यावर मात्र जितकी तोंडं तितक्या कथा. जून 2022 मध्ये शिवसेनेतल्या शिंदे गटाच्या बंडावेळी सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांची गुवाहाटीहून केलेल्या फोनची 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' वाली क्लिप व्हायरल झाली आणि 'ओक्केमधी' घराघरात पोचलं, इंग्रजी शब्दाला सांगोल्याचा प्रत्यय एकदम फिट बसला. दोनच महिन्यांनी पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर याच बंडखोरांना टोमणा मारत घोषणा दिली, '50 खोके (म्हणजे कोटी), एकदम ओके'.