वळणावरचे थ्रॉटल नियंत्रण

वळणावरचे थ्रॉटल नियंत्रण : मोटरसायकल वळत असताना उजव्या मुठीने इंजिनाचा जोर कमीजास्त करून गाडीची रेषा, म्हणजे चाके रस्त्यावरून ज्या वाटेने जातात ती, ताब्यात ठेवण्याचे कौशल्य. रोजच्या बोलण्यात ‘रेस देणे’ (मूठ पिळून उघडणे) आणि ‘रेस सोडणे’ (मूठ परत फिरवून मिटणे) एवढ्यावर हा विषय संपतो. गाडी हँडलने आणि कलल्याने वळते हे खरेच. पण एकदा ती कलली की वळण किती रुंद होणार हे बऱ्याच अंशी मूठ ठरवते.

वळणात गाडीचा कल तोच राहिला आणि वेग वाढला, तर वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. टायरची रुंदी हिशेबात धरली नाही तर ३० अंश कललेली गाडी ताशी ४० किमी वेगाने सुमारे २२ मीटर त्रिज्येचे वळण घेते. तेवढ्याच कलात वेग ४५ झाला की त्रिज्या साडेसत्तावीस मीटरपर्यंत जाते. ३५ वर आला की १७ मीटरच्या आसपास येते. काटकोनात वळून होईपर्यंत ४५ च्या वेगाची गाडी ४० च्या गाडीपेक्षा जवळजवळ पावणेसहा मीटर बाहेर गेलेली असते. दुपदरी रस्त्याची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटरची असते, हे लक्षात घेतले की ताशी ५ किमीची किंमत कळते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे डाव्या वळणावर रेषा रुंदावली तर गाडी थेट समोरून येणाऱ्या एसटीपुढे जाते. उजव्या वळणावर रुंदावली तर डावीकडची कच्ची कड, गटार किंवा कठडा.

मुठीचा दुसरा परिणाम वजनावर होतो. रेस दिली की भार मागच्या चाकाकडे सरकतो, पुढचे शॉकॲब्सॉर्बर ताणले जातात आणि गाडी सरळ जायला बघते. रेस सोडली की इंजिन मागचे चाक रोखून धरते, भार पुढे येतो, पुढचे शॉकॲब्सॉर्बर दबतात आणि वेग उतरेल तशी रेषा आत येते. म्हणून वळण अपेक्षेपेक्षा आवळत गेले तर मूठ हलकेच मिटत नेणे हा चांगला उपाय आहे. मात्र हलकेच आणि झटक्यात यांत मोठा फरक आहे. टायरची पकड ठरावीक असते. तिच्यातला जो वाटा वळण्यात खर्च होतो, तो वेग वाढवायला किंवा कमी करायला उरत नाही. घाबरून मूठ एकदम मिटली की पुढच्या टायरवर अचानक ओझे येते, गाडी खाली बसते, कललेल्या बाजूचा फूटरेस्ट रस्त्याला घासू शकतो आणि हलके झालेले मागचे चाक ओल्या डांबरावर सटकू शकते. मागचे चाक आधीच घसरत असताना मूठ मिटली तर टायर एकदम पकड धरते आणि गाडी उसळून स्वाराला वळणाच्या बाहेरच्या बाजूला फेकते. याला हायसाइड म्हणतात. भीतीने हात जे आपसूक करतो, त्याच्या विरुद्ध त्याला शिकवावे लागते. या कौशल्याचा खरा कठीण भाग हाच.

हे टाळायचे तर काम वळणाच्या आधी सुरू होते. वेग आणि गिअर सरळ रस्त्यावरच उतरवायचा, मग गाडी कलवायची आणि कलल्याबरोबर मूठ अगदी किंचित उघडायची. कललेल्या टायरच्या घर्षणाने गाडीचा वेग आपोआप घटत असतो, त्यामुळे आहे तो वेग टिकवायलाही थोडी रेस लागते. वळणाचा शेवट दिसला की जसजशी गाडी उभी होईल तसतशी मूठ उघडत न्यायची. अमेरिकन प्रशिक्षक कीथ कोड यांनी थ्रॉटल हा शिकवण्याचा स्वतंत्र विषय केला. १९८० साली सुरू झालेल्या त्यांच्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग चेन्नईजवळच्या ट्रॅकवरही झाले आहेत. वळणात एकदा उघडलेली मूठ शेवटपर्यंत सलग, एकसारखी उघडत न्यावी, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. ट्रॅकवर तो चोख लागू पडतो. घाटात वळणापलीकडे ट्रक बंद पडलेला असू शकतो, म्हणून तिथे शेवट दिसेपर्यंत वेग नुसता टिकवणेच शहाणपणाचे.

वरंध घाटाचे उदाहरण घ्या. भोरकडून महाडकडे उतरताना उतारच वेग वाढवत असतो, त्यामुळे खालच्या गिअरवर इंजिनाने धरून ठेवलेली गाडी आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय, एवढ्यावर वळण काढावे लागते. महाडकडून चढताना प्रश्न उलटा होतो. तीव्र वळणात मध्येच रेस सुटली किंवा क्लच पूर्ण दाबला गेला की चढ गाडीचा वेग गिळून टाकतो आणि वेगाशिवाय कल पेलत नाही. गाडी आतल्या बाजूला जागच्या जागी आडवी होते. अनुभवी स्वार अशा ठिकाणी रेस स्थिर ठेवतात आणि हाफ क्लचवर वेग सांभाळतात. मागे कुणी बसले असेल आणि पाठीवर बॅग असेल तर पुढचे चाक मुळातच हलके असते, तेव्हा चढावर दिलेली जादा रेस रेषा आणखी रुंद करते.

गाडीगणिक मुठीचा स्वभाव बदलतो. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत रेस सोडल्यावर इंजिन फारसे रोखत नाही. बुलेटसारख्या मोठ्या सिंगल सिलिंडरमध्ये ते चांगलेच रोखते. चेन ढिली असेल तर बंद मूठ उघडताना आधी तो ढिलेपणा भरून निघतो आणि मग झटका बसतो, नेमका गाडी सर्वाधिक कललेली असताना. थ्रॉटल केबलला, म्हणजे मुठीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या तारेला, जास्त ढील असली तरी तेच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांत इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली आहे. त्यातल्या काही गाड्या मूठ शून्यावरून उघडताना जरा दचकतात, म्हणून वळणात ती पूर्ण मिटू न देणेच बरे. मूठ पकडायची ती स्क्रू ड्रायव्हर धरल्यासारखी, तिरकी आणि सैल, कोपर खाली ठेवून. शरीराचा भार हातांवर न घेता गुडघ्यांनी टाकी धरली, की खड्ड्यात चाक आपटले तरी मनगट मूठ पिळत नाही.