भेटलं की मन निवळतं का?

"पंचनामा करून राहिले का तुम्ही?" हंसापुरीतल्या एका आजीबाईंनी ओट्यावरूनच विचारलं, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या प्रश्नावल्या मुकाट्याने पिशव्यांत गेल्या.

ही 2025 च्या मे महिन्यातली गोष्ट. 17 मार्चच्या रात्री नागपूरच्या महाल आणि हंसापुरीत हिंदू-मुस्लिम तणावातून दगडफेक, जाळपोळ झाली. 11 ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ती सगळीकडून उठायला 23 तारीख उजाडली. मी मानसशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसतात, तर त्यांना घेऊन वस्तीत जावं, असं मनात आलं. हेतू चांगला होता, तयारी मात्र पुस्तकी. "त्या रात्री तुम्ही कुठे होता?" हा आमचा पहिला प्रश्न! असा प्रश्न कोण विचारतं, हे आजीबाईंना नेमकं ठाऊक होतं.

माणसं एकमेकांना भेटली की अढी कमी होते, हा विचार गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये नीट मांडला. पण नुसतं भेटून भागत नाही, हेही त्यानेच बजावलं होतं. दोघांचा दर्जा सारखा हवा, काम दोघांच्या गरजेचं हवं, ते मिळून करायला हवं, आणि वरिष्ठांचा त्याला पाठिंबा हवा. आमच्या पहिल्या फेरीत यातलं काय होतं? एक प्रश्न विचारणार, दुसरा उत्तर देणार. दर्जा तिथेच वर-खाली झाला.

त्याच 1954 मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमात 22 मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं. मुलं 11-12 वर्षांची, सगळी साधारण एकाच थरातली. त्यांचे दोन गट पाडले, रस्सीखेच आणि इतर सामने लावले, तर काही दिवसांत मारामारीपर्यंत मजल गेली. मग त्यांना एकत्र जेवू घातलं, सिनेमा दाखवला. जेवणाच्या टेबलावर पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. (आपल्याकडच्या 'सद्भावना भोजनां'च्या आयोजकांनी हे जरूर वाचावं.) वितुष्ट कमी होऊ लागलं ते शिबिराचं पाणी अडलं तेव्हा, आणि जेवण आणणारा ट्रक चालू होईना तेव्हा. ट्रक ओढायला पोरांनी दोर आणला, तो रस्सीखेचीचाच. या वेळी सगळे एका बाजूला होते.

आम्हाला असा ट्रक आयताच मिळाला. दुसऱ्या फेरीत, नागपूरच्या मे महिन्यातल्या भर दुपारी, एका चाचांच्या घरचा कूलर नुसती गरम हवा फेकत होता. आमच्यातला एक मुलगा काकाच्या दुकानात कूलर दुरुस्त करतो. त्याने जाळी काढली, पंप उलटा धरला आणि म्हणाला, "गाळ अडकला, बाकी काई नाई." दोघी जणी जुनं गवत उपसून नवा वाळा भरायला बसल्या. बादली शेजारच्या घरातून आली, पकड समोरच्या, आणि आजीबाई ओट्यावरून सूचना देत होत्या. पंपाने पाणी उचललं, वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला, तेव्हा चाचा आपणहून बोलू लागले. कर्फ्यूत दूध कसं मिळवलं, नातवाला गच्चीवर का जाऊ दिलं नाही, गल्लीतल्या कोणी फोन केला आणि कोणी केला नाही. लिहून मात्र कोणी घेतलं नाही.

याचं शरीरातलं रूपही मोजलेलं आहे. कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक लाळेतही सापडतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात गोऱ्या आणि लॅटिनो विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून त्यांच्या 3 भेटी घडवल्या. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मनात आधीपासून पूर्वग्रह होता, त्यांचं कॉर्टिसॉल पहिल्या भेटीत चढलं आणि पुढच्या भेटींत उतरत गेलं. म्हणजे पहिल्या भेटीतला अवघडलेपणा पाहून 'जमत नाही बुवा' म्हणणं ही घाई झाली.

मग क्रिकेट? उत्तर प्रदेशात अर्थतज्ज्ञ मॅथ्यू लो यांनी वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची लीग भरवली. मिश्र संघांत खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. पण दुसऱ्या जातीच्या पोरांशी विरुद्ध संघ म्हणून गाठ पडली, तिथे हा फायदा झाला नाही, उलट मैत्र्या घटल्या. 'या मोहल्ल्याची टीम विरुद्ध त्या मोहल्ल्याची टीम' असा एकता चषक ठेवणाऱ्यांनी काय करावं, ते वेगळं सांगायला नको.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलींचा अभ्यास करताना एक दंगलीचं, एक शांत अशी शहरं जोडीने तपासली: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ. शेजाऱ्याला ईदचा शीरखुर्मा, दिवाळीची चकली, हे खेड्यात पुरतं, शहरात पुरत नाही, असं त्यांना दिसलं. शहराला व्यापारी मंडळं, कामगार संघटना अशा दोन्हीकडच्या माणसांच्या संस्था लागतात. नागपूरचे हिंदू कोष्टी विणकर, मुस्लिम मोमीनही विणकर. 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा धर्म विचारून वाजत नसे. ती गिरणी बंद पडली, त्याचा हिशोब आपण फक्त रोजगारात मांडतो.

तरी एक मेख राहतेच. संपर्कावरच्या प्रयोगांचा 2019 मध्ये फेरआढावा घेतला गेला. लोकांना चिठ्ठ्या टाकून गटांत विभागलं आणि परिणाम निदान एक दिवसाने तपासला, असे अभ्यास 27 च निघाले. त्यांत 25 वर्षांच्या वरच्या माणसांचे वांशिक पूर्वग्रह तपासणारा एकही नव्हता. विज्ञानाने विद्यार्थी मोजले, आजीबाई नाही.

आणि उत्तर इराकमध्ये संशोधक सल्मा मूसा यांनी इसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. पुढच्या हंगामात मिश्र संघात खेळायला हे ख्रिस्ती खेळाडू जास्त राजी झाले. 6 महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करत होते. मात्र मुस्लिमबहुल मोसुल शहरातल्या हॉटेलात जाऊन जेवण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. मैदानावरचा विश्वास मैदानापुरताच राहिला.

तिसऱ्या फेरीहून परतताना, वाळा भरणाऱ्या दोघींपैकी एकीला मी विचारलं, संध्याकाळी एकटी मोमीनपुऱ्यात फिरनी खायला जाशील का? तिने ओढणीवरची वाळ्याची काडी झटकली.

"चाचांकडे जाईन ना, सर. बाकी... ग्रुप असला तर."